डेअरीचा कंप्युटर दुपारी का झोपेना

आमच्या दूध संकलनाच्या खोलीत दुपारी झोपायचा अधिकार दोघांनाच होता. एक मी आणि दुसरा कंप्युटर. मी झोपायचो. तो झोपेना.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळेला माझा कंटाळा आला. पण घोडेगावच्या अलीकडं आमच्या गावात दूध संकलन पहिलं कुणी काढलं, तर मी. खोलीत कंप्युटर आला तेव्हा ‘म्हातारं आता घरी बसतंय’ म्हणून लोक खूश झाले होते. त्यांच्या नाकावर टिच्चून मी तो चालवायला शिकलो. इंग्रजी वाचता येत नाही, पण बैलाच्या पाठीवर तरी कुठं लिहिलेलं असतं, तो कधी लाथ मारणार ते? कोणतं बटण कधी दाबायचं हे पाठ केलं, संपलं.

काम सोपं आहे. सकाळ-संध्याकाळ लोक दूध आणतात. काटा वजन करतो, मशीन दुधातलं फॅट मोजतं, त्यावर भाव ठरतो, दोन्हींच्या वायरी कंप्युटरच्या पाठीत खोचलेल्या, आणि तो पावती छापून देतो. मधल्या वेळात त्याला बंद करावं, तर आमचं यंत्र इतकं म्हातारं की उठायला अर्धा तास घेतं. लोक किटल्या धरून रांगेत उभे आणि हे पडद्यावर नुसतं गोल गोल फिरवतंय. म्हणून मेकॅनिकनं त्याला झोपवायची युक्ती दाखवली होती. झोपला की वीज खात नाही आणि बटण दाबलं की लगेच जागा होतो. आमच्याकडं दुपारी लाईट नसते. इन्व्हर्टरची बॅटरी संध्याकाळच्या दुधासाठी राखून ठेवावी लागते. मी तर पंखासुद्धा लावत नसे. घाम पुसत बाजेवर पडायचो.

पावसाळा सरता सरता कंप्युटरला काय झालं कोण जाणे. मी झोपवायचो आणि डुलकी काढून डोळे उघडले की पडदा लख्ख. पुन्हा झोपवायचो, पुन्हा लख्ख. संध्याकाळी ऐन रांगेत बॅटरीनं मान टाकली.

“आजोबा, हातानं लिवा की,” रांगेतली एक बाई म्हणाली.

“मी हातानं लिहिलेलं फॅट तू मानशील व्हय?”

“न्हाई. तुमच्या अक्षराला वळण न्हाई न् नजरेला बी.”

लोक हसले आणि किटल्या उचलून समोरच्या डेअरीवर गेले. आठवड्यात दुसऱ्यांदा तसंच झालं. त्या दिवशी मुलगा कारखान्यातून पाळी संपवून आला तो चप्पल न काढताच बोलला, “अण्णा, आता तिसऱ्यांदा असं झालं तर खुर्चीवर ही बसंल. तुमी घरी आराम करा.”

ही म्हणजे आमची सूनबाई. बारावी झालेली, बोटं शिलाई मशीनसारखी चालतात. ती दारात उभी राहून भाजी निवडत होती.

खुर्ची जाणार म्हटल्यावर मी झोप सोडली आणि चोर शोधायला लागलो. चोर सूनबाईच असणार, यात मला शंका नव्हती. ती ब्लाऊजच्या डिझाईनचा पेन ड्राईव्ह कंप्युटरला लावून ठेवायची. तो उपटला आणि खिशात घातला.

“मामा, तो नुसता लावून ठेवल्यानं काय होतंय?”

“ज्याचं काम न्हाई त्यानं गोठ्यात बांधून घेऊ नये.”

दुपारी पडदा पुन्हा लख्ख. पेन ड्राईव्ह मी तरीही परत दिला नाही. एकदा चोर म्हटल्यावर लगेच सोडायचा म्हणजे आपलीच शोभा.

मग मी दुधातली रीत वापरली. अख्ख्या कॅनमधलं दूध फाटलं की आम्ही कुणाला शिव्या देत बसत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं दूध वेगळं ठेवतो आणि उकळून बघतो. ज्याचं फाटलं तो सापडला. तसंच इथं. एका दुपारी काट्याची वायर काढून ठेवली. लख्ख. दुसऱ्या दुपारी फॅट मशीनची. लख्ख. मग प्रिंटर. त्या दुपारी तर मला वाटलं, पडदा माझ्याकडं बघून दात काढतोय. रोज संध्याकाळी वायरी परत खोचायच्या आणि उरल्यासुरल्या बॅटरीवर देवाचं नाव घेऊन दूध घ्यायचं. चौथ्या दिवशी माऊस उपटला आणि कंप्युटर असा झोपला, असा झोपला, की चार वाजता मीच त्याला हलवून पाहिलं.

चोर सापडला! जुना माऊस उकिरड्यावर फेकला आणि घोडेगावला जाऊन नवा आणला. गावात चार जणांना ऐकवलं की पदवीवाल्यांना जमलं नसतं ते चौथीवाल्यानं केलं.

दुसऱ्या दुपारी नव्या माऊसवरसुद्धा लख्ख.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, माऊसला कंप्युटर उठवायची परवानगी असती. सेटिंगमधी एक टिक हाय, ती काढावी लागती. गुरुवारी येतो.”

“गुरुवारपतुर तू काय टिक काढायला मुहूर्त बघतो का? सांग कुठंय, मी काढतो.”

त्यानं सांगितलं, मी टिक काढली. यादी इंग्रजीत होती. माऊसच्या ऐवजी कीबोर्डची निघाली. त्या संध्याकाळी रांगेसमोर मी बटणं बडवतोय आणि हा निपचित. शेवटी सूनबाईनं पुढं होऊन माऊस हलवला तेव्हा उठला. तिसरी खेप थोडक्यात टळली. ती एवढंच म्हणाली, “गुरुवार यायला दोन दिस हायेत, मामा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजेवर पडलो, पण डोळे मिटले नाहीत. कुशीवर होऊन माऊसकडं बघत राहिलो. आता आमच्या धंद्यात एक सवय असते. दूध संपलं की कॅन, माप, बादली, गाळणी, सगळं धुवायचं आणि पालथं घालायचं. उताणं भांडं दिसलं की मला कपडे काढलेला माणूस दिसल्यासारखं होतं. हात आपोआप जातो. माऊससुद्धा मी रोज फडक्यानं पुसून पालथा ठेवत होतो. पोटातला लाल दिवा वर, छताकडं.

खोलीत दुधाचा वास, वर पंखा बंद. माशांची जत्रा. एक माशी आली, त्या लाल दिव्यावर बसली, दोन पावलं चालली.

पडदा लख्ख.

मी उठून बसलो. माशी हाकलली, कंप्युटर झोपवला, वाट बघितली. दुसरी आली, चालली; यंत्राला वाटलं माऊसच हलला. लख्ख. मग माऊस सरळ ठेवला. माशा त्याच्या पाठीवर नाचल्या, चाटल्या, काय काय केलं. कंप्युटर गाढ. बॅटरी वाचावी म्हणून मी पंखा लावत नव्हतो. पंखा नव्हता म्हणून माशा होत्या. आणि माशा माझी बॅटरी पीत होत्या. चार वायरींत नव्हता तो चोर बाजेवर बसून घाम पुसत होता.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर खुर्ची राहिली असती आणि कंप्युटर दुरुस्त केल्याचं नावही मलाच मिळालं असतं. पण खिशात तो पेन ड्राईव्ह होता. तेवढा परत करायचा तर काहीतरी बोलावं लागणार. घरी गेलो. ती शिलाईवर होती.

“हे घे तुझं.”

“सापडलं का मग?”

“माशी.”

“काय माशी?”

सांगितलं सगळं. तिनं तोंडात पदर कोंबला, पण हसू पदरात मावेना. खाली बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

“त्याला सांगशील?” मी विचारलं. नवऱ्याला म्हणतोय हे तिला कळलं.

“न्हाई सांगत. पण सकाळची पाळी माझी, संध्याकाळची तुमची.”

घोडेगावच्या बाजारात मी उपरण्याखाली बोटं धरून, बोटांनीच भाव सांगत, किती बैलांचे सौदे केले. समोरचा कुठं अडलाय हे बोटाला कळतं. इथं अडलेला मी होतो. “बरं,” म्हणालो.

दुसऱ्या सकाळी आमच्या गायीचं दूध घेऊन मी रांगेत उभा राहिलो. रांग मला जागा देईना. लोकांना फार मजा येत होती. सूनबाई खुर्चीत, माऊस सरळ, पंखा चालू. तिनं माझं दूध मशीनला लावलं, पडदा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामा, फॅट कमी लागतंय. पाणी पडलं का चुकून?”

हा प्रश्न मी अख्ख्या गावाला विचारत आलोय.

“मशीन बिघडलंय तुझं,” मी म्हणालो.

“व्हय का,” ती म्हणाली, पावती फाडून माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. “चला, पुढचं कोण?”