आई बसल्या की मासे स्वच्छ दिसायचे

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण करमणूक म्हणून. कुणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — आधी एरर मेसेज काय आला ते सांगा. आयुष्य कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेलं, भूतखेत कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण एक गोष्ट माझ्याकडे पडून आहे, तिचं काय करावं ते कळत नाही...

नव्वदच्या दशकाचं अगदी शेवटचं वर्ष. आम्ही मूळचे वसईचे, तेव्हा बहारीनमध्ये बुसैतीनला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी अस्करला एका कंपनीच्या सिस्टम्स सांभाळायचो. बायको फिलोमिना, तिला सातवा महिना. त्याआधी एकदा बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून दोघंही मनातून घाबरलेले. तिच्या आईला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं.

आई आल्या, पण रमेनात. वसईत दिवसभर वाडीत हिंडणारी बाई, इथे चार भिंतींत.

"फिलू, मी जाते गं," एके दिवशी त्या म्हणाल्या. "दार उघडलं की वाळू, लावलं की एसी. बोलायला कोण नाही. मी इथे करू तरी काय?"

फिलोमिना आत जाऊन रडली. व्हिसा वाढवायचा तर आई तयार हव्यात, आणि त्या तयार नव्हत्या. मला समजूत घालता येत नाही. मी काय करणार... कॉम्प्युटर उघडून बसलो.

मनामाहून नुकताच डीव्हीडी ड्राइव्ह आणला होता. त्याबरोबर नमुन्याची एक डिस्क फुकट मिळाली होती — समुद्राखालचे मासे, प्रवाळ वगैरे. माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स. तेव्हा लिनक्सवर डीव्हीडी बघणं म्हणजे प्लेअर इंटरनेटवरून उतरवा, स्वतः कंपाइल करा आणि देवाचं नाव घ्या. चित्र आलं, पण कसलं! मासा अडखळत पुढे सरकायचा आणि मध्येच त्याचे चौकोन चौकोन व्हायचे.

माझा मित्र इक्बाल, रत्नागिरीचा, हिद्दला नोकरीला. दर शुक्रवारी जेवायला यायचा. त्या शुक्रवारीही आला होता. चित्र बघून म्हणाला, "विंडोज टाक रे बाबा, खलास."

मी ऐकतोय थोडाच. स्क्रीनचे रंग वाढवले. केबल बदलली. ड्राइव्हचं डीएमए बंद होतं, ते चालू केलं, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर पडत नाही. त्याने अडखळणं थांबलं. चौकोन मात्र तसेच. स्क्रीनवरच बाजूच्या खिडकीत एररच्या ओळी धो धो वाहत होत्या.

तेवढ्यात आई लसूण सोलत सोलत आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. "काय बघता रे?"

चौकोन गेले. एकदम. निळं पाणी, माशाचं एकेक खवलं दिसायला लागलं. एररच्या ओळी थांबल्या.

आई पुढे वाकल्या. "हा हलव्यासारखा दिसतो. पण याला रंग कुणी लावला?"

सुटलं एकदाचं, असं मला वाटलं. आई भात बघायला उठल्या... आणि चौकोन परत.

इक्बाल त्या खुर्चीत जाऊन बसला. चौकोन. मी बसलो. चौकोन. फिलोमिनाला बसवलं. चौकोन.

"यल्ला, चला आई, तुम्ही या परत," इक्बालने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली.

आई आल्या. मासे स्वच्छ.

मग आम्ही खुर्ची बदलली, बांगड्या काढायला लावल्या, त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं. फरक नाही. त्या बसल्या की स्वच्छ, उठल्या की चौकोन. अँटेनाचा टीव्ही असता तर समजलं असतं, माणूस जवळ गेलं की चित्र हलतं. पण ही डिस्क! तिच्यावर जे लिहिलंय ते लिहिलंय. शेजारी कोण बसलंय याच्याशी तिचा संबंध काय?

आई हसून हसून बेजार. त्या आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघत होतो. "यात काय एवढं? यंत्राला पण सोबत लागत असेल."

तेव्हापासून घराचं रूपच बदललं. मी ड्यूटीवरून आलो की आई विचारायच्या, "लावतोस का?" प्रत्येक माशाला त्यांनी वसईतल्या ओळखीच्या माणसांची नावं ठेवली होती. फिलोमिना पोटावर हात ठेवून खिदळायची. इक्बालने हिद्दच्या दोन-तीन मित्रांना दाखवायला आणलं. आईंनी सगळ्यांना इंद्यालचा झणझणीत रस्सा आणि आमच्याकडचे तळलेले फुगे खाऊ घातले. बोलायला माणूस नाही ही तक्रार राहिलीच नाही.

मी भीत भीत विषय काढला, "आई, व्हिसाचं..."

"वाढव," त्या म्हणाल्या. "हे नीट झाल्याशिवाय मी कशी जाऊ?"

खरं सांगतो, त्यानंतर मी दुरुस्तीसाठी फार काही केलं नाही.

मुलगी झाली, सुखरूप. आईंनीच तिला पहिली अंघोळ घातली. त्या वसईला परतल्या आणि डिस्क लावली की चौकोन सुरू. पॉवर सप्लाय बदलला, ड्राइव्ह बदलला, लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर विचारलं. सासूबाईंचा उल्लेख टाळून विचारलं, हे वेगळं सांगायला नको. कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढे प्लेअरची नवी आवृत्ती आली आणि मग कुणीही बसो, चित्र स्वच्छ. म्हणजे आता काही तपासायचीही सोय उरली नाही.

सुट्टीत वसईला गेलो तेव्हा लॅपटॉपवर आईंना ते मासे मुद्दाम दाखवले. आधी दूर उभं राहून बघा म्हटलं, मग जवळ बसवलं. दोन्ही वेळा सारखंच. मी सगळं समजावून सांगितलं, नवी आवृत्ती वगैरे.

त्यांनी नातीला मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता सगळ्यांनाच दिसतात होय? बरं झालं."