दौलतभाऊ ओरडला म्हणून

श्रेय! त्या वर्षी आमच्या क्लबात श्रेय घ्यायला इतकी माणसं पुढं आली, की तेवढी प्रॅक्टिसला आली असती तर आमच्या दोन टीमा झाल्या असत्या.

साल चौऱ्याण्णव. हैदराबादच्या नल्लकुंट्याचा आमचा फुटबॉलचा नवयुग क्लब बी डिव्हिजनमध्ये निम्मा सीझन संपला तरी एकही मॅच हरला नव्हता. आदल्या वर्षापर्यंत आम्ही तळाशी बसून वरच्यांकडं बघणारे लोक. त्यामुळं इराण्याच्या हाटेलात एकच चर्चा, हे झालं कुणामुळं? दिलसुखनगरचे राजलिंगम शेठ म्हणायचे, माझ्या बुटांमुळं. त्यांचं कलर टीव्हीचं दुकान. तेव्हा घरोघर केबल येत होती, लोक हप्त्यानं टीव्ही उचलत होते, आणि शेठनी आमच्या छातीवर दुकानाचं नाव छापून नव्या जर्सी आणि नवे बूट दिले होते. क्लबचे सेक्रेटरी अप्पाराव म्हणायचे, माझ्या प्लॅनिंगमुळं. अप्पारावांनी आयुष्यात एकदाच बॉलला पाय लावला असेल, तोही बॉल त्यांच्या कापडदुकानात शिरला तेव्हा. एका पेपरात फोटो आला, त्यात हे दोघं मधोमध आणि आम्ही खेळणारे कडेकडेला. माझं डोकं असं फिरलं ना!

मी सुरेश. त्या टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून येईल त्याला अडवणारा. तेव्हा श्रेय कुणाचं हे मला विचारा. खरं तर माझ्या कानांना विचारा. ते होतं आमच्या गोलकीपरचं, दौलत हनवतेचं.

दौलतभाऊ मूळचा नांदेडकडचा. वडील कामासाठी हैदराबादला आले ते इथलेच झाले, आणि दौलतभाऊ अफझलगंजच्या लायब्ररीत अटेंडर म्हणून चिकटला. आता बघा गंमत. दिवसभर हा माणूस ओठांवर बोट ठेवून वाचणाऱ्यांमधून फिरणार. कुणी पेपराचं पान जरा जोरात उलटलं तरी याची मान तिकडं वळणार. स्वतः शिंकायचं असलं तर व्हरांड्यात जाणार. आणि संध्याकाळी सायकल हाणत मैदानावर आला, की सकाळपासून दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटायचा. "सुऱ्या! गाढवा! मागं बघ मागं! झोपा काढायला आलास का?" बरकतपुऱ्यापर्यंत ऐकू जायचं. माझी बायको म्हणायची, तुमचं काय चाललंय ते मला स्वयंपाकघरातून कळतं.

कीपर म्हणून तो काही थोर नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? उंची बेताची, गुडघे दुखरे. पण त्याला अख्खं मैदान दिसायचं, आणि दिसलं की तोंड गप्प बसायचं नाही. ओरडायचं तर मराठीत. उर्दू, तेलुगू दोन्ही त्याला फर्डी येत, पण संताप आला की मराठीच बाहेर पडायची. सुरुवातीला आमच्या राइट बॅक ख्वाजाला काही कळायचं नाही. तो हात हलवून विचारायचा, "क्या बोल रहे उनो?" मी मान मागं वळवून सांगेपर्यंत समोरचा गोल मारून मोकळा!

मग एके दिवशी ख्वाजाच्याच डोक्यात उजेड पडला. हैदराबादेत उर्दूत ओरडा, तेलुगूत ओरडा, समोरच्या टीमला सगळं कळतं. कोण कुठं जाणार ते त्यांनाही आधी समजतं. मराठी मात्र लीगमध्ये आमच्याखेरीज कुणाला येत नाही. "मियाँ, ये तो मुफ्त की चीज है, इसको नक्को क्यों बोलना?" असं म्हणून त्यानं दौलतभाऊकडून शब्द घोकून घेतले. सोड, धर, माघारी, अंगावर जा. पाठोपाठ लेफ्ट बॅक यादगिरी शिकला. त्याचं मराठी म्हणजे नुसत्या आज्ञा आणि शिव्या. एकदा आमच्या घरी जेवायला आला, आणि आईनं वाढताना भाजी जास्त घातली तर म्हणाला, "माघारी, अम्मा, माघारी!" आई हसून हसून खाली बसली.

तर आम्ही तिघं आणि माझ्या जोडीचा दुसरा स्टॉपर, असे चौघं मागं उभे असायचो, आणि दौलतभाऊ मागून आम्हाला हाकायचा. समोरचे बिचारे आमच्या तोंडाकडं बघत राहायचे. त्या सीझनला आम्ही हरत नव्हतो ते यामुळं. बूट म्हणे!

दौलतभाऊला त्या श्रेयाबियाचं काही नव्हतं. पेपरातला फोटो मी रागारागानं दाखवला, तर म्हणाला, "अप्पांचा शर्ट चांगला आलाय." त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. अठरा वर्षं तो बी डिव्हिजनमध्ये उभा होता. गुडघे जायच्या आधी एकदा, फक्त एक मॅच, ए डिव्हिजनच्या गोलमध्ये उभं राहायचं. हे तो सगळ्यांना सांगायचा. सखूवहिनी, त्याची बायको, म्हणायची, "माझ्याशी लग्न ठरलं तेव्हा बघायला आले, तर पहिल्यांदा हेच बोलले. मला वाटलं, ए डिव्हिजन म्हणजे हपिसातली बढती असेल."

आणि त्याच वर्षी, हातातोंडाशी घास आलेला असताना, त्याला काढलं.

कारणं होती, नाही म्हणत नाही. आपल्याच माणसानं पायानं मागं दिलेला बॉल कीपरनं हातात घ्यायचा नाही, हा नियम नुकताच आला होता, आणि पायाशी बॉल आला की दौलतभाऊची पार तारांबळ व्हायची. पण खरं कारण वेगळंच. त्या पावसाळ्यात लोकांनी वर्ल्डकप टीव्हीवर रंगीत बघितला होता. ते उंचेपुरे, रंगीबेरंगी जर्सीतले गोलकीपर बघितले होते. राजलिंगम शेठना दुकानाबाहेर लावायला पोस्टर पाहिजे होतं, आणि त्यावर टक्कल पडलेला अटेंडर चालणार नव्हता. त्यांनी विद्यानगरच्या कॉलेजातला एक मुलगा आणला, उदय. उंच, केस कपाळावर, हातमोजे परदेशी. मराठी घरातलाच, पण मराठी बोलायची याला लाज. बोलला तरी अर्धं इंग्रजी, अर्धं तेलुगू.

अप्पारावांची अक्कल बघा. ही बातमी दौलतभाऊला मैदानावर सांगितली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते सांगायला गेले लायब्ररीत! भर दुपारी, वाचकांच्या मधोमध उभं राहून हळूच म्हणाले, "दौलत, पुढच्या मॅचपासून उदय खेळेल. तू आराम कर." मी सोबत होतो, मला काही न सांगता नेलं होतं. दौलतभाऊचा चेहरा लालबुंद झाला. गळ्याच्या शिरा वर आल्या. तोंड उघडलं, मिटलं. मग कुजबुजत म्हणाला, "अप्पा, वर जायला थोडंच राहिलंय हो. मला वर जाऊ द्या, मग काढा." एका म्हाताऱ्या वाचकानं चष्म्यावरून बघितलं आणि "श्श!" केलं. दौलतभाऊनं त्यांना हात जोडले. असा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. बाहेर आल्यावर मी अप्पारावांना जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

उदयच्या पहिल्या मॅचला आम्ही वाचलो ते नशिबानं. मागून आवाजच नाही! पोरगं चपळ होतं, उड्या छान मारायचं, पण तोंडातून ब्र नाही. आम्ही चौघं अंधारात चाचपडणाऱ्यांसारखे एकमेकांवर आदळत होतो. ख्वाजा मला म्हणाला, "सुरेशभाई, पीछे कोई है भी या नहीं?"

तिकडं दौलतभाऊ घरी भिंतीकडं तोंड करून पडलेला. सखूवहिनीनं दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढलं. "अहो, लायब्ररीत तुम्ही गप्प, मैदान सुटलं, आता घरात पण गप्प? मी काय भिंतीशी बोलू? जा तिकडं, त्या पोराच्या उरावर बसा, पण ओरडून या." हे मला तिनंच सांगितलं.

मग दौलतभाऊ रोज प्रॅक्टिसला यायला लागला. उदयच्या गोलच्या मागं उभा राहायचा आणि त्याला झोडपायचा. "हाताला काय मेंदी लावलीस? बोल की! समोर आंधळे उभे आहेत, त्यांना तू सांगायचंस!" उदय आधी कानात कापूस घालून असल्यासारखा वागायचा. एकदा म्हणाला, "अंकल, प्लीज, मराठीत कोण कॉल करतं? ऑड वाटतं." दौलतभाऊ म्हणाला, "गोल खाल्ल्यावर लई चांगलं वाटतं का?" मॅचलाही तो गोलच्या मागं जाऊन ओरडायचा, आणि त्याच्या आवाजावर आम्ही पुन्हा सावरलो. काढलेला माणूस स्वतःच्या जागेवर आलेल्या पोराची मॅच राखत होता. अप्पाराव शेठना सांगत होते, बघा, मी म्हटलं नव्हतं, उदय आला आणि टीम उभी राहिली. डोंबलाचा उदय!

शेवटी व्हायचं तेच झालं. एका टीमनं तक्रार केली. गोलच्या मागं उभं राहून बाहेरच्या माणसानं खेळाडूंना सांगायचं नाही, असा नियम काढला गेला, आणि पंचांनी अप्पारावांना बजावलं, हा माणूस पुन्हा ओरडला तर तुमचे पॉइंट कापू. हे नेमकं शेवटच्या मॅचच्या आधी. ती मॅच बरोबरीत सुटली तरी आम्ही ए डिव्हिजनमध्ये जाणार होतो.

मी दौलतभाऊच्या घरी जाऊन म्हटलं, "भाऊ, तुम्ही येऊच नका. तुमच्याच्यानं गप्प बसवणार नाही." तो म्हणाला, "लायब्ररीत बसतोच ना? येणार."

आला. सखूवहिनीला घेऊन प्रेक्षकांत बसला. मी बॉल बाहेर गेला की तिकडं बघायचो. गळ्यातल्या रुमालाचा बोळा करून त्यानं दातांत धरलेला, आणि वहिनीनं त्याचं मनगट घट्ट पकडलेलं. दुसऱ्या हाफमध्ये एक-एक अशी बरोबरी होती, आणि समोरच्यांनी आम्हाला पार मागं रेटलं होतं. उदयनं चांगले दोन-तीन बॉल अडवले. पण आवाज नाही. आम्ही पुन्हा आंधळे.

मॅच संपत आली आणि त्यांना कॉर्नर मिळाला. मी पुढच्या उंच माणसाला धरून उभा होतो. माझ्या पाठीमागं कुणी मोकळं सुटलंय याचा मला पत्ताच नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला:

"सुऱ्या! गाढवा! मागं बघ मागं!"

माझ्या अंगात जुनी सवय. विचार करायला वेळच नव्हता, मी गर्रकन वळलो, बॉल माझ्या कपाळावर आपटला आणि लाइनीबाहेर गेला. पहिला विचार मनात आला तो हा, की मेलो, दौलतभाऊ ओरडला, आता पॉइंट जाणार. मी तिकडं बघितलं. त्याच्या दातांत रुमाल तसाच होता. आणि इकडं उदय, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घसा ताणून ओरडत होता, "यादगिरी, अंगावर जा! ख्वाजा, धर रे धर! झोपा काढायला आलात का!" शिट्टी वाजेपर्यंत त्याचं तोंड मिटलं नाही.

आम्ही वर गेलो! पोरं नाचायला लागली, शेठनी फटाके आणले होते, अप्पारावांना लोकांनी खांद्यावर घेतलं, त्यांचं वजन कसं पेललं देव जाणे. पेपरवाल्यांनी उदयला गराडा घातला. मी धावत दौलतभाऊकडं गेलो. म्हटलं, "भाऊ, ऐकलंत का? तुमची शिवी जशीच्या तशी! आता मी सगळ्यांसमोर सांगतो हे कुणामुळं झालं. आज मी कुणाच्या बापाला ऐकणार नाही."

त्यानं रुमाल तोंडातून काढला. डोळे भरून वाहत होते, आणि हसतही होता. "ऐकलं रे. पोरगं चांगलं ओरडलं. मला दिसायच्या आधी त्याला दिसलं होतं."

"मग चला की माझ्याबरोबर."

"नको." त्यानं माझा दंड धरला. "रोज त्याच्या मागं उभा राहताना मनात एक होतं, सुऱ्या. याला बोलता येत नाही, तोवर अप्पा मला एक ना एक दिवस परत बोलावतील. शिकवत होतो, आणि याला येऊ नये असंही वाटत होतं. आता आलं त्याला."

वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ए डिव्हिजनमध्ये उभं राहायचं होतं रे मला," दौलतभाऊ म्हणाला. "एकदाच."