पिंपळीतला हेलियमचा खांब

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण आलं. ग्रहण पाळायचं म्हणून पिंपळीतले सगळे घरात बसलेले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला घरात बसवेना. ग्रहणाचा चष्मा लावून मी एकटीच कॅनॉलवर उभी होते. तेवढ्यात शेजारच्या तात्यांची मोटारसायकल थांबली. तात्या सत्तरीचे, ऊसवाले शेतकरी, ग्रामपंचायतीत त्यांच्या शब्दाला वजन.

"बाई, एवढं काय बघताय?"

मी चष्मा त्यांच्या हातात दिला. सूर्याचा लचका तोडलेला बघून ते "आयला!" म्हणाले आणि चष्मा परत द्यायचंच विसरले.

मग बोलता बोलता मी त्यांना हेलियमची गोष्ट सांगितली. हा वायू माणसाला आधी सूर्यात सापडला आणि नंतर जमिनीवर. पूर्वी आपल्याकडे खग्रास ग्रहण दिसलं, तेव्हा परदेशातून शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन आले. सूर्याचा उजेड लोलकातून फोडून बघताना रंगांत त्यांना एक पिवळी रेघ दिसली, आणि ती ओळखीच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना.

"आपल्या देशातनं दिसली? आन् आमाला कुनी सांगितलं न्हाय!" तात्या जवळजवळ ओरडलेच.

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी कहर केला. नव्या बागेत कारंजं होणार होतं. तात्या उठून म्हणाले, "कारंजं चार म्हैन्यात बंद पडतंय. हेलियमचा खांब उभारू. त्याच्या पोटात आजच्या वस्तू ठिवू. नातवंडं उघडून बघतील." लोक हसले, पण तात्यांनी मला पुढं ओढलं, आणि मी बोलत सुटले. शेवटी ठराव झाला. खांबात तीन नळकांडी ठेवायची. पहिलं पंचवीस वर्षांनी उघडायचं, दुसरं पन्नास, तिसरं शंभर. आतली हवा काढून तिथं हेलियमच भरायचा, म्हणजे वस्तू कुजणार नाहीत.

भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्या बांधणारे एक वर्कशॉपवाले दादा होते, त्यांनी खांबाचं काम घेतलं. गावानं वस्तू आणल्या: ज्वारीचं बियाणं, ठिबकची नळी, साखरेची पुडी, लग्नपत्रिका, जुना मोबाईल. कुणी उसाचं कांडंही आणलं. मी म्हटलं, ओलं आहे, आत सडेल. तर त्या माणसानं ते तिथंच सोलून आम्हाला खायला घातलं.

हेलियम आणायला तात्या आणि मी पिकअपमधून इंदापूरला गेलो. लग्नाच्या मांडवात फुगे लावणाऱ्याकडं सिलिंडर मिळाला. "हेलियमच हाय, बाई," तो म्हणाला. आम्ही तो वर्कशॉपवर आणला. गॅस भरला की नळकांड्याला जोडलेल्या भरायच्या नळीचं तोंड वेल्डिंगनं बंद करायचं होतं. दादांनी वेल्डिंगची तयारी केलीसुद्धा. मला मात्र स्वस्थ बसवेना. फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगते.

"थांबा दादा. आधी एक फुगा भरा."

मागच्या मोकळ्या रानात आम्ही फुगा खुंटीला बांधला, सगळ्यांना लांब केलं, आणि दादांनी लांब बांबूच्या टोकाला पेटता बोळा बांधून तो फुग्याला लावला.

धडाम! आगीचा लोळ उठला. झाडावरचे कावळे उडाले. दादा खालीच बसले.

"बाई, ह्याच्यावर मी वेल्डिंग मारनार हुतो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

फुगेवाल्याला फोन केला तर तोही हादरला. त्याला सिलिंडर पुरवणाऱ्यानं हेलियम म्हणूनच दिला होता. सिलिंडर परत गेला. बारामतीच्या एमआयडीसीत कारखान्यांना गॅस पुरवणारे एकजण होते, त्यांच्याकडून नवा आणला. पुन्हा फुगा, पुन्हा बांबू. आम्ही कानांत बोटं घालून उभे. या खेपेला नुसतं "फट्" झालं, आणि बोळ्याची ज्योत विझली!

मी टाळ्या पिटत उड्या मारल्या. पन्नाशीतली बाई मी, पण लाज कसली! तात्यांनी दुसरा एक फुगा भरून घेतला आणि त्यातला घोटभर वायू तोंडात ओढला, मी नको नको म्हणत असतानाच, आणि चिमणीसारख्या आवाजात म्हणाले, "जमलं बघा, बाई!" दादा हसून हसून डोळे पुसत होते.

नळकांडी भरून वेल्डिंगनं बंद केली, आणि खांब क्रेननं उभा केला त्या दिवशी सगळी बाग भरली होती. ऊन पडलं की त्याचं स्टील असं चमकायचं की बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीला जायला निघाले, तर खांबाला हळदकुंकू लागलेलं. एक म्हातारी हात जोडून उभी होती.

"आज्जी, हा देव नाही हो."

"आत सूर्यनारायन हाय म्हनं?"

"सूर्यात सापडलेला वायू आहे."

"कसा सापडला गं?"

मी पिशवी खाली ठेवली आणि ग्रहणापासून सुरुवात केली. मागं एसटी आली, थांबली, निघून गेली. आज्जींनी मला मधे तीनदा थांबवून प्रश्न विचारले.