थरवाल्या मावशी

खोऱ्यातला जो तो नासपतीवर जगत होता. बागवाले, हमाल, खोकी ठोकणारे सुतार, ट्रकवाले, एवढंच काय, दातांचे डॉक्टरसुद्धा. हंगाम बरा गेला तरच लोकांचे दात दुखायचे.

मावशी चोवीस वर्षं बागायतदार संघाच्या अध्यक्षांच्या शेडमध्ये खोकी भरत होत्या. काम एकच, वरचा थर लावणं. खाली खुरटी, डागाळलेली, दबलेली फळं कुणीही ढकलावीत; वर मावशी निवडक फळं मांडायच्या, सगळे देठ एका बाजूला, लाली वर. खोकं नवरीसारखं नटायचं. अध्यक्ष भाषणात सांगायचे, "प्रामाणिकपणा हेच आपल्या खोऱ्याचं खत!"

एकदा परगावची बडी व्यापारीण शेडवर आली. अध्यक्षांनी कौतुकाने खोकं उघडलं. बाईंनी ते सरळ टेबलावर उपडं केलं. खुरटी फळं घरंगळत अध्यक्षांच्या बुटांपाशी आली.

अध्यक्षांचा चेहरा पडला, जीभ मात्र शाबूत होती. "या अडाणी बायका! कितीदा सांगितलं! मावशी, काय हे?"

मावशींचे कान तापले. "साहेब, वरचा थर माझा. खालचे तुमचे."

कुणीतरी फिसकन हसलं. तासाभरात मावशींना घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन बागवाले दारात हजर. खरं बोलल्याची कदर झाली म्हणून मावशी हरखल्या. तेवढ्यात एकजण म्हणाला, "आमच्याकडे या. तुमच्यासारखा वरचा थर कुणाला जमत नाही हो!" मावशींनी चहा पाजून तिघांना वाटेला लावलं.

दुपारी व्यापारीण आली. "मला खोकी भरणारी नको, उपडी करणारी हवी."

पहिल्याच दिवशी मावशी जुन्या शेडवर गेल्या. अध्यक्षांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "मावशी, तुम्ही तर घरच्याच!"

"म्हणून तर आधी इथे आले," म्हणत मावशींनी खोकं पालथं घातलं. त्या दिवशी अर्धा ट्रक माल नापास होऊन शेडमध्येच राहिला.

पुढच्या हंगामात झाडांची छाटणी वेळेवर झाली, फळ तळापर्यंत सारखं भरलं जाऊ लागलं, खोऱ्याच्या मालाला भाव चढला. संघाने थाटात सत्कार ठेवला, अर्थातच अध्यक्षांचा. मावशींना बोलवायचं राहून गेलं. त्या वेळी त्या खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, कंबर धरून, पाचवं खोकं उपडं करत होत्या आणि बागवाला आईची शपथ घेत होता.