नौदलातला पाहुणा आमच्या तळ्यावर

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात सगळे तळ्यावर मासे धरणारे. ताईला पाहायला आलेला पाहुणा आमच्याच समाजातला, पण नौदलात, फ्रिगेट नावाच्या लढाऊ जहाजावर होता. काय काय विचारायचं ते मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं: गाव, घर, दारू. पण बाबांचा त्या जहाजावरच विश्वास बसेना. त्यांनी त्याला तळ्यावर नेलं आणि हातात फेकजाळं दिलं. त्याने फेकलेलं जाळं उघडलंच नाही, गोळा होऊन पडलं.

“जहाजावर करता काय मंग?” बाबांनी विचारलं.

“मी इंजिनात असतो, भाऊ. आमचं जहाज पान्याखालच्या पाणबुड्या शोधते.”

“अन् आमच्या तळ्यातली मासोळी दिसत नाई तुमाले?”

घरी येऊन बाबा नाही म्हणायला निघाले, तशी ताई चुलीपासून उठली. “बाबा, लबाड असता तर हात दुखते म्हनून सुटला असता. चार लोकांत जाळं काऊन फेकलं असतं त्यानं?”

बाबांनी होकार दिला, पण लग्नाला गणवेशात यायचं या अटीवर. तो आला. बाबांनी त्याच्या कॉलरचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मगच अक्षता वाटायला सांगितल्या.