बॅगेपाशी कोण बसणार?

नवऱ्याच्या कॅमेऱ्यावर मी जळते. हसा हवं तर. पण समुद्रावर एकच छत्री न्यायची आणि ती बायकोला सोडून कॅमेऱ्याच्या बॅगेवर रोवायची, असा संसार करून बघा एकदा, मग बोलू.

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरहून समुद्र तासाभरावर. उन्हाळ्यात जमेल त्या शनिवारी ड्राइव्ह करून जातो. आदल्या संध्याकाळी मी पराठे लाटत असते आणि हा कॅमेऱ्याचं बाळंतपण करत असतो. लेन्स घरीच लावून घ्यायची, वाळूत बदलायची नाही. वरून हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप चढवायची. बुटांच्या खोक्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या माझ्या मसाल्याच्या डब्यात साठवलेल्या असतात, त्या बॅगेत टाकायच्या. वाळू झटकायला माझा गालांवर पावडर लावायचा मऊ ब्रश घेतला, तो गेलाच. मला शिंक आली तर मात्र म्हणतो, गोळी घे.

बरं, पाण्यात तरी दोघांनी जावं? छे! बॅगेपाशी कोण बसणार? मी पाण्यात गेले की तो बसतो. मी बसते, तू जा म्हटलं तर त्याला नंतर ओल्या, खारट हातांनी कॅमेऱ्याला शिवायचं नसतं. सोवळंच ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एका लाटेत कधी उभे राहिलो नाही. मला तेवढंच हवं होतं, दुसरं काही नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारं अमेरिकन जोडपं येऊन बसलं. चपला, टॉवेल, चष्मे सगळं वाळूत टाकून दोघं हात धरून पाण्यात शिरली. लाट आली की ती किंचाळायची आणि तो तिला घट्ट धरायचा. माझा नुसता जळफळाट झाला. मी उठले, गुडघाभर पाण्यात गेले, वळले आणि याच्याकडे हात पुढे करून हाक मारली, "चल ना रे, एकदाच." याने कॅमेरा डोळ्याला लावला, खटाखट फोटो काढले आणि लांबूनच, मस्त आला म्हणून, अंगठा वर केला. मग शॉवर कॅप परत चढवली.

त्यातला एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. परवा मैत्रीण आली होती. ती बराच वेळ त्या फोटोसमोर उभी राहिली. नशीब काढलंस बाई, म्हणाली, आमच्याकडे फोनवर काढतात तेही डोकं कापून. आणि हात पुढे केल्याची पोझ तर किती नॅचरल आलीय.

पोझ नाही ती, मी सांगितलं, याला पाण्यात बोलवत होते.

हा किचनमध्ये चहा गाळत होता. गाळणं हातात घेऊनच बाहेर आला आणि फोटोकडे बघत राहिला.

"अगं, मग हाक मारायची ना," तो म्हणाला.

"मारली होती. तू फोकस करत होतास."