तिण्णैवरचं पानक

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अंबत्तूरच्या एका फॅक्टरीत मी क्वालिटी बघतो. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. तरी हे लिहितोय...

माझे सासरे – अप्पा – तंजावरी मराठी. बालपण तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत गेलं. हल्ली सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, पण ती गल्ली तोंडपाठ. चिंचेपाशी वळायचं, पुढे घोडागाड्यांचा अड्डा, मग रखमाक्कांचं घर. घराबाहेर तिण्णै, म्हणजे आपला ओटा. रामनवमीचं पानक सगळेच वाटतात, पण या बाई उन्हाळाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तिण्णैवर बसवून द्यायच्या – गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेलं गार सरबत. आज तिथे ना चिंच, ना अड्डा. रखमाक्का अप्पांच्या लग्नाआधीच गेल्या. घर पाडून तिथे नोकरदार पोरांच्या भाड्याच्या खोल्यांचं 'मॅन्शन' झालंय.

गेल्या मे महिन्यातला रविवार. अप्पांनी इन्सुलिन घेतलं आणि न जेवताच रोयापेट्ट्याच्या आमच्या घरातून निघून गेले. साखर उतरली तर माणूस रस्त्यातच कोसळायचा! बायको फोनवर नुसती रडत होती. मी स्कूटर काढली आणि थेट ती गल्ली गाठली. रणरणतं ऊन, चिटपाखरू नाही.

अप्पा मॅन्शनच्या दगडी पायरीवर मजेत बसलेले.

"अप्पा, अहो काही खाल्लंत का?"

"अक्का पानक दिली की," ते म्हणाले. "केवढं वेयिल, बैस म्हटली. जावई मागून येतो म्हटलो. त्यालाही ठेवते म्हटली."

उन्हाला ते वेयिलच म्हणतात. तोंडाला सुंठेचा वास येत होता.

कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये साखर तपासली. नॉर्मल. "वेळेवर गोड पोटात गेलं म्हणून," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर कठीण होतं." मॅन्शनच्या वॉचमनने कुणाला काही दिलं नव्हतं, देताना पाहिलंही नव्हतं. आसपासची दुकानं बंद.

कुणीतरी भला माणूस भेटला असेल, असं मी बायकोला सांगतो. तिला ते पटतं.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितलेली नाही. अप्पांना उठवताना त्या तापल्या दगडावर लोट्याच्या बुडाचे दोन ओले गोल दिसले होते. एक सुकत आलेला. दुसरा अगदी ताजा, माझ्या बाजूला. लोटा कुठेच नव्हता, आणि मी घाईत होतो...

याचा उलगडा मला आजही होत नाही. त्या गल्लीत गेलो की पायरीवर जरा टेकतो, एवढंच. तहान नसली तरी.